डोंगराच्या खाली कोण राहतं

बालवाडीच्या बाईंनी फाटकापाशी थांबवून घेतलं तेव्हा मिरानला आधी वाटलं, दाओनने परत कुणाला तरी चावलं असणार. माफी मागायला ती कंबरेतून वाकायलाही लागली. गेल्या दोन वर्षांत तिला ते चांगलं जमायला लागलं होतं. आधी वाकायचं, कशाबद्दल ते मागाहून विचारायचं. पण बाई धाकट्याबद्दल काही बोलल्याच नाहीत. "सोदाम चवड्यांवर चालते," त्या म्हणाल्या. "वर्गात चालते ते एक वेळ ठीक आहे. पण मैदानातसुद्धा. वाळूच्या खड्ड्यातसुद्धा. तुमच्या लक्षात आलंच असेल." "हो, आलंय," मिरान म्हणाली, आणि मग तिने पहिल्यांदा बघितलं. सहा वर्षांची तिची मुलगी पिवळं दप्तर पाठीला लावून अंगण ओलांडून येत होती आणि तिच्या टाचा जमिनीपासून दोन बोटं वर होत्या. नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून ओरडा बसू नये म्हणून जपून जावं, तशी ती चालत होती. बाकीची पोरं धपाधप पाय आपटत तिच्या दोन्ही बाजूंनी पळत गेली. सोदाम आवाज न करता आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, आणि उभी राहिल्यावरही तिच्या टाचा खाली आल्या नाहीत.

डॉक्टरांनी पोटरी दाबून बघितली, पाऊल वर-खाली केलं, कॉरिडॉरमधून दोन फेऱ्या मारायला लावल्या. हाडात काही नाही, शिरेतही अजून काही नाही, म्हणाले. पण हे असंच आणखी वर्ष-दोन वर्षं चाललं तर शीर आखडेल, मग मात्र प्लॅस्टर, नाही तर शस्त्रक्रिया. "चढावर न्या तिला. चढताना टाच टेकावीच लागते, नाहीतर माणूस दमतो. आपल्या सोल शहराचा हा भाग डोंगरांनी भरलाय, औषध फुकट आहे." मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरात काही कारण?" मिरान म्हणाली, "नाही, काहीच नाही." इतकं धडधडीत खोटं ती पुष्कळ दिवसांत बोलली नव्हती.

कारण घरातच होतं, आणि ते तिने स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. आठव्या मजल्यावरच्या आठशे दोनमध्ये ते राहायला आले त्याला दोन वर्षं झाली. सामान लावून होण्याच्या आधीच खालून छताला काठीचा आवाज आला. टक, टक, टक. मग पहारेकऱ्याचा फोन. सातशे दोनचे आजोबा विचारतायत, वर घोडे पाळलेत का? मिरानने जाड गाद्यांसारख्या चटया आणून घरभर अंथरल्या, खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून बसवले, मुलांना फुगीर तळव्यांच्या सपाता घेतल्या. रिवाजाप्रमाणे स्ट्रॉबेरीची पेटी आणि सोदामच्या हातची माफीची चिठ्ठी सातशे दोनच्या दाराच्या मुठीला अडकवून आली. दुसऱ्या दिवशी तीच पेटी तिच्या दाराला अडकवलेली होती. आत चिठ्ठी, म्हाताऱ्या ठळक अक्षरात: फळांनी आवाज थांबत नाही. त्या दिवशी तिला रडू आलं आणि रागही आला. आणि रात्री मुलांना जवळ घेऊन तिने मांजरपावलांचा खेळ शोधून काढला. जो दिवसभर मांजरासारखा चालेल त्याला कॅलेंडरवर मांजराचा शिक्का. खालचे आजोबा आजारी आहेत, पाय वाजला की त्यांना त्रास होतो, हेही तिनेच सांगितलं. खरं-खोटं तिला माहीत नव्हतं. पहारेकरी एकदा 'त्यांची तब्येत जरा नरमच असते' म्हणाला होता, त्यावर तिने आपल्या पदरचं चढवलं. दाओन तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा, त्याला शिक्क्यांची गोडी आठवड्यात उरली नाही. सोदामचं कॅलेंडर मात्र महिन्यामागून महिने मांजरांनी भरत गेलं. गेल्या शरदात, बाजारात तेंडूफळं आली त्या सुमाराला, काठीचा आवाज एकाएकी बंद झाला. आठवडा गेला, महिना गेला. मिरानने आणि ग्यूहोने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तळलेली कोंबडी मागवून तो आनंद साजरासुद्धा केला. "जिंकलो," असं ग्यूहो हळू आवाजात म्हणाला होता. त्या घरात सगळेच आताशा हळू आवाजात बोलत.

म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ती दोन्ही मुलांना घेऊन वसाहतीमागच्या डोंगराच्या पायथ्याशी उभी होती. ग्यूहो बरोबर यायचा होता, पण तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पहाटेच कुठल्याशा तेविसाव्या मजल्यावर कुणीतरी अडकलं आणि त्याला जावं लागलं. पाठीवरच्या पिशवीत किंबापच्या, म्हणजे शेवाळाच्या पापडात वळलेल्या भाताच्या, दोन गुंडाळ्या होत्या, मुलांसाठी लोणचं वगळून केलेल्या, उकडलेली अंडी, जवाचा चहा, एक जास्तीची चड्डी. आणि मनात एवढीच एक गोष्ट: टाच टेकली पाहिजे. शिखर नको, फोटो नको. वर पाण्याच्या झऱ्यापर्यंत जायचं, तासाभराची वाट, आणि तेवढ्यात कधीतरी ती टाच जमिनीला लागलेली बघायची. तिने ठरवलं होतं की याबद्दल सोदामशी एक अक्षर बोलायचं नाही. बोलून बोलूनच तर इथवर आलं होतं.

उन्हात अजून थोडी थंडी होती, वाळत घातलेल्या मोज्यांत राहते तितकी. झाडांना पानं फुटायची होती आणि त्या करड्या काटक्यांच्या गर्दीत खालपासून वरपर्यंत जिंदाल्लेची रानझुडपं फुलली होती. नुसती फुलं, पान एकही नाही, जणू कुणी गुलाबी कागद फाडून वाऱ्यावर सोडला आणि तो फांद्यांना अडकून राहिला. वाटेने माणसंच माणसं. डोंगरावरच्या म्हाताऱ्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात. कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरलेली काळी झापड, नाकातोंडावर फडका, हातमोजे, जांभळं जाकीट. वेल्डिंगच्या कारखान्याची सुट्टी झाल्यासारखी ती रांग चालत होती. आणि प्रत्येक जण या दोन पोरांपाशी आलं की थांबत होतं. "वा, एवढीशी पोरं. शाबास." "कितवं वर्ष? चार? मी चार वर्षांची होते तेव्हा पाठुंगळीला होते." दाओनच्या मुठीत पहिल्या दहा मिनिटांत तीन गोळ्या आणि एक शेंगदाण्याची वडी जमली. मिरानला दर वेळी याचं नवल वाटे. हीच माणसं खाली लिफ्टमध्ये भेटली की मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहतात, पोरगं जोरात शिंकलं तरी कपाळाला आठी घालतात. दोनशे पायऱ्या चढून आली की त्यांना काय होतं कोण जाणे. कदाचित इथे कुणी कुणाच्या वर राहत नाही, म्हणून असेल.

दाओन डोंगराच्या फाटकातून आत शिरला होता तोच आपटत. उजवा पाय, डावा पाय, मातीत ठसे उठवत तो एखाद्या छोट्या सेनापतीसारखा पुढे निघाला होता. पण वीसेक पावलांवर त्याला काय वाटलं कोण जाणे, थांबला, बुटांच्या टोकांकडे बघितलं, मग मागे वळून आईकडे. "आई," त्याने हळूच विचारलं, "इथे खाली कोण राहतं?"

"कुठे खाली?"

"डोंगराच्या खाली."

"कोणीच नाही राहत, राजा. दगड आहेत नुसते. नाच हवा तेवढा."

त्याला तेवढं पुरलं. तो पुन्हा आपटायला लागला. पण सोदाम तिथेच उभी राहून विचार करत होती, आणि तिचा विचार चालू असला की मिरानला धास्तीच वाटे, कारण ती विचार पुरता केल्याशिवाय सोडत नसे. "बेडूक राहतात," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलंय. थंडीत ते जमिनीखाली झोपतात. अजून सगळे उठले नसतील." "उठले गं आता, वसंत आला." "सगळे उठले असतील असं नाही ना." आणि ती चवड्यांवर पुढे निघाली, बेडकांच्या छपरावरून. तिच्या छोट्या बुटांच्या टाचा नव्याकोऱ्या दिसत होत्या, झिजल्याच नव्हत्या. पुढची टोकं मात्र पार घासली होती. बूट रोज दाराशी मिरानच सरळ करून ठेवत असे, रोज. आपण नक्की काय बघत होतो इतके दिवस, असं तिला वाटलं.

चढ लागला. डॉक्टर म्हणाले होते, चढावर टाच टेकावीच लागते. पण डॉक्टरांना सोदाम माहीत नव्हती. ती लाकडी पायऱ्यांच्या कडांवर फक्त चवडे ठेवून, कठड्याच्या दोराला धरून, ओठ घट्ट मिटून चढत राहिली. पोटऱ्या थरथरताना मोज्यांवरूनही दिसत होत्या. मिरान मागून चालत होती आणि तिची नजर त्या दोन टाचांवरून हलत नव्हती. आजूबाजूला अख्खा डोंगर फुललाय, वर आभाळ धुतल्यासारखं निळं आहे, कुणातरी आजोबांच्या खिशातल्या रेडिओवर जुनं गाणं वाजतंय, आणि आपण दोन रबरी टाचा बघत चाललोय. तिला स्वतःचंच हसू आलं. मग तिच्या मनात आलं, अशीच आपली आईही वर बघत बसायची. मिरान लहान होती तेव्हा ती आणि तिची आई एका घराच्या अर्ध्या तळघरात भाड्याने राहत. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यातून फक्त लोकांचे बूट दिसत. आणि डोक्यावर घरमालकाचं कुटुंब. आई शिवण शिवता शिवता वरचे आवाज वाचत असे. "आता मालकीणबाई आल्या. आता मुलगा आला, बूट भिरकावले त्याने. आज नापास झालेला दिसतोय." तक्रार करायची प्राज्ञाच नव्हती, भाडेकरू कसली तक्रार करणार, पण आईला राग येत असे असंही मिरानला आठवत नव्हतं. मालकांचा मुलगा सैन्यात गेला तेव्हा कितीतरी दिवस आई मशीन थांबवून छताकडे बघे. "फार शांत झालं गं," म्हणे. मिरान तेव्हा शाळकरी होती, तिला वाटे, किती बरं झालं. आपलं स्वतःचं घर घ्यायचं तर उंच घ्यायचं, एवढंच तिने तेव्हा ठरवलं होतं. वर राहायला गेलं की आपण कुणाच्या तरी डोक्यावर राहतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर तिने शेवटी नियम मोडला. एका सपाट जागी थांबून ती दोन्ही पायांनी उडी मारून टाचांवर आपटली. "बघ सोदाम, काही होत नाही." पाठीवरच्या पिशवीत अंडी एकमेकांवर आदळल्याचा आवाज झाला. खाली उतरणारे दोन गृहस्थ आदबीने बाजूला झाले. दाओनला ते इतकं आवडलं की त्याने आणखी सहा वेळा करायला लावलं. सोदाम दोराला धरून बघत राहिली. तिचा चेहरा एखाद्या समजूतदार मोठ्या बाईसारखा होता, लहान मुलीचा पोरकटपणा खपवून घेणाऱ्या. "तू मार आई," ती म्हणाली, "मी नको."

झऱ्यापाशी पोचायला तासाऐवजी पावणेदोन तास लागले. लाल प्लॅस्टिकच्या ओगराळ्यांनी पाणी पिऊन झालं, बाकावर किंबाप उघडला, आणि मिरान दमलेल्या पायांनी उन्हात बसली तेव्हा तिला, टाच अजून टेकलेली नसतानाही, एकदम फार बरं वाटलं. तिळाच्या तेलाचा वास, शेजारी दोन गरम डोकी, ओठाला चिकटलेलं भाताचं शीत. काळजी होती तिथेच होती, पण तीही दमून शेजारी बसल्यासारखी. पलीकडच्या बाकावरच्या बाईने झापड वर केली, तोंडावरचा फडका हनुवटीखाली ओढला, आणि पिशवीतून काकडी काढून सुरीने तिचे चार तुकडे केले. डोंगरावर काकडी एकट्याने खायची नसते. सत्तरीची असावी. गोल चेहरा, गालांवर उन्हाचे डाग, आणि शेजारी टेकवलेली काठी तिच्या उंचीला फारच मोठी, बुडाला रबराचं बूच लावलेली, पुरुषाची.

"घ्या रे पोरांनो. बाळांच्या आई, तूही घे. नाही म्हणू नकोस, मला एकटीला संपत नाही."

मुलांनी दोन्ही हात पुढे करून तुकडे घेतले. आजींनी हात वर करून जिंदाल्लेची दोन फुलं खुडली, आतले केसर काढून पाकळ्या त्यांच्या तळव्यांवर ठेवल्या. "हे खातात. आंबट लागतं." सोदामने आधी फांदी निरखली. "पानं नाहीत ना?" "नाहीत गं. पानांबरोबर येतं ते दुसरं, ते विषारी, ते पुढच्या महिन्यात. बरोबर विचारलंस. मोठी हुशार आहेस तू." सोदामने पाकळी जिभेवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासूनचं पहिलं हसू आलं. "आणि बगळ्यासारखी उभी काय आहेस टोकांवर? बस की," आजी म्हणाल्या. "कुठून आलात एवढ्या लांबून?"

हा प्रश्न विचारला की काय करायचं ते सोदामला बालवाडीत पाठ करून घेतलं होतं, हरवलीस तर म्हणून. तिने हात सरळ खाली धरले आणि एका दमात म्हणून दाखवलं, आईच्या फोनच्या आकड्यांसकट, "...एकशे चार क्रमांकाची इमारत, आठशे दोन."

दुसऱ्या काकडीत घातलेली सुरी तिथेच थांबली. आजींनी मिरानकडे बघितलं, मग मुलांच्या पायांकडे, मग पुन्हा मिरानकडे. झऱ्याचं पाणी ओगराळ्यात पडतच होतं. "एकशे चार," त्या म्हणाल्या. "मी सातशे दोन."

मिरान उभी राहिली ती वाकतच. तोंडात काकडीचा अर्धा तुकडा, तो चावता येईना की गिळता येईना, आणि ती काटकोनात वाकून डोंगराच्या मातीला म्हणत होती, "माफ करा, फार त्रास दिला आम्ही, खरंच माफ करा." दोन वर्षं एकमेकींच्या डोक्यावर आणि पायांखाली राहिलेल्या दोघी, आणि हा चेहरा तिने कधी बघितलाच नव्हता. बघितला असेलही लिफ्टमध्ये, झापडीसकट. "अगं बैस, बैस," आजी म्हणाल्या, "काकडी अडकेल घशात. मला वाटलं होतं, तुम्ही घर सोडून गेलात."

"नाही, आहोत ना."

"काही ऐकूच येत नाही. मी पहारेकऱ्याला विचारणार होते. मग म्हटलं, जाऊ दे, काय विचारायचं, वर माणसं आहेत का म्हणून?" त्या जराशा हसल्या. काठीच्या मुठीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "काठी ठोकायचे ते आमचे हे. तुझी फळं परत लावली तेव्हा मी भांडले त्यांच्याशी. स्ट्रॉबेरी मला आवडतात. स्वभावच तसा त्यांचा. शरदात दवाखान्यात गेले आणि घरी आले ते झोपूनच. ही काठी उशाशी असायची, पण उचलायची ताकद नव्हती. भांडायचं बंद केलं ना त्यांनी, तेव्हाच मला कळलं. जानेवारीत गेले."

मिरानला तळलेल्या कोंबडीचा वास आठवला. जिंकलो, ग्यूहो म्हणाला होता. खाली एक माणूस उशाशी काठी घेऊन पडला होता आणि वर ते चौघं हाडं चोखत हळूच हसत होते. आणि त्यानंतर तीन महिने तिची मुलगी, जो उरलेलाच नव्हता त्याची झोप मोडू नये म्हणून चवड्यांवर चालत होती. तिला त्या अनोळखी, तिरसट म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटलं, स्वतःची लाज वाटली. आणि या सगळ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात यायची राहून गेली, की सोदाम ऐकत होती.

सोदाम आईच्या मागे गेली होती. तिने आईच्या जाकिटाचं टोक धरलं होतं आणि आता तर ती अंगठ्यांवरच उभी होती, जमिनीला जितकं कमी लागता येईल तितकी. "माझ्यामुळे?" तिने विचारलं.

इतक्या बारीक आवाजात विचारलं की मिरानला वाटलं, फक्त आपल्यालाच ऐकू आलं. खालचे आजोबा आजारी आहेत. पाय वाजला की त्यांना त्रास होतो. हे वाक्य तिचं होतं, शब्दन् शब्द, अंथरुणात मुलांना जवळ घेऊन गोड आवाजात सांगितलेलं. ती गुडघ्यांवर बसली, तोंड उघडलं, पण खोटं सांगणाऱ्या तोंडाने आता खरं सांगितलं तरी पोर विश्वास कसा ठेवणार, आणि का ठेवावा.

"तुझ्यामुळे?" आजी म्हणाल्या. त्यांनी सुरी पुसली, मिटवली, पिशवीत ठेवली. घाई केली नाही. "वय किती तुझं?"

"सहा."

"ते पन्नास वर्षं सिगारेट ओढत होते. मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, ऐकलं नाही. पन्नास वर्षं. तू दोन वर्षं नाचलीस, तेही काही रोज नाही. मग सांग, कशामुळे गेले?"

सोदामने विचार केला. पुरता केला. "सिगारेटमुळे," ती म्हणाली.

"मग. उगाच मोठेपणा घेऊ नकोस अंगावर."

दाओनला मृत्यूशी काही देणं-घेणं नव्हतं. त्याला मघापासून एकच गोष्ट विचारायची होती. "आजी, तुम्ही खाली राहता?" "हो, राहते." "डोंगराच्या खाली?" आजींनी मिरानकडे बघितलं, मिरानने काय सांगावं अशा अर्थाने मान हलवली आणि तुटक शब्दांत सांगून टाकलं. चवडे, डॉक्टर, बेडूक, सगळं. आजींनी ऐकून घेतलं. मग काठी टेकत उठल्या. "डोंगराच्याच खाली," त्या दाओनला म्हणाल्या. "अगदी खाली. त्यामुळे मला माहीत. थांबा इथेच."

आणि ती सत्तरीची बाई वाटेच्या पायऱ्या उतरून चांगली पंधरा-वीस पायऱ्या खाली गेली, मोठ्या खडकाच्या आड, जिथून तिचा फक्त आवाज येत होता. "हं. मी खाली आले. आता चाला." दाओन लगेच थयथय नाचला. "कोण नाचतंय? मला तर काही ऐकू येत नाही. आणि ती मोठी?" सोदाम आईकडे बघत होती. मिरानने एक अक्षर बोलायचं नाही म्हणून ओठ दाबून धरले. सोदाम चवड्यांवर दोन पावलं चालली. "चाललीस का? मला कळलं नाही. जरा जोरात." सोदामने पुढचे चवडे आपटले. "छे." खालून आवाज आला, आता थोडा वैतागलेला, अस्सल खालच्या मजल्याचा. "अगं, मांजर आहेस का? टाच आहे ना तुला? तिचं काय लोणचं घालायचंय?"

सोदाम हसली. हसता हसता तिचा तोल मागे गेला आणि तो सावरायला तिची उजवी टाच मातीत रुतली. मिरानने बघितलं. सोदामनेही बघितलं. खालून काहीच आवाज आला नाही; ती मान वाकडी करून वाट बघत राहिली. काठी नाही, फोन नाही. एक पक्षी ओरडून गेला. तिने दुसरी टाच टेकली, मुद्दाम, मोजून, थड. मग पुन्हा उजवी. मग ती वाटेला लागली. उतारावर टाच आधी पडते, ती पडली. थड थड थड थड करत सोदाम पायऱ्यांवरून खाली सुटली, मागे दाओन. आणि तिथे मिरान झऱ्यापाशी एकटीच उभी राहून तो आवाज ऐकत होती. दोन वर्षं ज्या आवाजाच्या मागे ती फडका घेऊन धावली होती, तो असा होता तर. तिला आईची आठवण आली. आता मुलगी आली, आता मुलगा, बूट भिरकावले त्याने. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. डोंगरावर वारा असतो, कुणी विचारत नाही.

सगळे मिळून उतरले. आजींनी सांगितलं, तेहतीस वर्षं शनिवारी ते डोंगरावर यायचे आणि मी घरी निवांत लोळायचे. आता मी येते, त्यांच्या काठीला फिरवून आणते. फाटकापाशी बूट झाडायचा हवेचा पंप होता, तिथे दाओनने स्वतःचे, आईचे, आजींचे आणि शेवटी काठीचेही बूट झाडले. सोदाम मधूनच पुन्हा चवड्यांवर जात होती, लक्षात आलं की टाच टेकत होती, मध्येच विसरत होती. एका दिवसात काही जात नाही, मिरानला कळत होतं. चटया काढायच्या नाहीत, उड्या मारू द्यायच्या नाहीत, तेही कळत होतं. शेवटी भिंती-जमिनी तेवढ्याच पातळ होत्या. लिफ्टमध्ये चौघं उभे राहिले आणि कुणीही आकड्यांकडे बघितलं नाही. सातव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा आजी काठी घेऊन बाहेर पडल्या आणि वळल्या. "संध्याकाळी सहाला," त्या सोदामला म्हणाल्या, "एकदा टाच वाजव. रोज. एकदाच हं, नाहीतर मी तक्रार करीन. म्हणजे मला कळेल, वर माणसं आहेत."

सहाला दहा मिनिटं असतानाच सोदामने स्वयंपाकघराच्या दारापाशी चटईचा कोपरा उलटून ठेवला. फुगीर सपाता काढल्या, मोजेही काढले. ग्यूहो नुकताच आला होता, त्याला काही कळेना. मिरानने त्याला खुणेने गप्प बसवलं. खिडकीतून डोंगर दिसत होता, वरच्या अंगाला अजून ऊन होतं. घड्याळाचा काटा सरळ झाला. सोदामने उजवं पाऊल उचललं, आईकडे बघितलं, आणि उघड्या फरशीवर टाच टेकवली. थड.

सगळे तळपायांनी ऐकत उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग खालून, अगदी तिच्या टाचेच्या खालून, रबराचं बूच लावलेल्या काठीचा आवाज आला. टक.

"आजी घरी आहेत," दाओन म्हणाला, आणि जेवायला काय आहे ते विचारायला लागला.